हॅलोवीनला मुलांना काय घालायचं? नव्यानं अमेरिकेत आलेल्या मराठी आईबाबांसाठी

आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. ऑगस्टात आलो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस कॉम्प्लेक्समधल्या पोरांबरोबर तिलाही 'ट्रिक ऑर ट्रीट'ला, म्हणजे वेश करून दारोदार चॉकलेट मागायला, न्यायचं ठरलं. माझ्या डोक्यात फॅन्सी ड्रेस म्हणजे शाळेचं गॅदरिंग. शिवलेली नऊवारी पुण्याहून आणली होतीच. खोपा घातला, चापाची नथ लावली, कपाळावर चंद्रकोर, पायात कोल्हापुरी. फोटो झकास आले. सहा वाजता बाहेर पडलो तेव्हा तापमान ४५ फॅरनहाइट होतं, म्हणजे आपल्या हिशेबानं ७ सेल्सिअसच्या आसपास. पहिल्या घरापर्यंत नऊवारीवर जाकीट चढलं. दुसऱ्या घराशी नथ माझ्या पर्समध्ये गेली. तिसऱ्या घरातल्या आजींनी दार उघडलं आणि कौतुकानं विचारलं, "अँड व्हॉट आर यू, स्वीटी?" पोरीनं खरं ते सांगितलं: "आय ॲम कोल्ड."

आजींनी दोन चॉकलेटं जास्तीची दिली, पण मला जे कळायचं ते कळलं. आपला फॅन्सी ड्रेस दोन मिनिटांचा असतो. मूल स्टेजवर येतं, 'मी आहे झाशीची राणी' म्हणून चार ओळी म्हणतं, विंगेत आई फेटा सावरायला उभीच असते. इथे तेच मूल तास-दोन तास अंधारात, थंडीत, पायऱ्या चढत-उतरत, एका हातात बादली घेऊन चालतं. त्यात मध्येच शू लागते. म्हणून कॉस्च्युम बघताना फोटोत कसा दिसेल हे शेवटी. त्यात चालता येईल का, हे आधी.

आधी दोन चिठ्ठ्या वाचा

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरलाच असतो, वार कुठलाही असो. पण मुलाचा कॉस्च्युम किमान दोनदा बाहेर पडतो: एकदा शाळेत, एकदा संध्याकाळी गल्लीत. दोन्हीचे नियम वेगळे. शाळेकडून ऑक्टोबरच्या मध्याला ईमेल येतो, तो आल्याशिवाय काही विकत घेऊ नका. बहुतेक शाळा मुखवटा, तलवार-बंदूक आणि रक्तबंबाळ वेश चालवून घेत नाहीत. काही शाळांत दुपारी परेड असते, आईबाप मोबाइल उंच धरून कडेला उभे. काही शाळा हॅलोवीन करतच नाहीत, फक्त 'पुस्तकातलं आवडतं पात्र' असा दिवस ठेवतात. तिथे सांगाडा बनून गेलेलं मूल दिवसभर कानकोंडं होऊन बसतं.

दुसरी चिठ्ठी गावाची. टाउनशिपच्या वेबसाइटवर संध्याकाळच्या वेळा दिलेल्या असतात. हवामानानं घोळ घातला तर सगळंच हलतं. २०१२ साली सँडी वादळानंतर आमच्या राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी चक्क आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरला ढकलला होता. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबर संपायच्या आतच बर्फ पडला होता. ईशान्येकडच्या राज्यांत राहत असाल तर कॉस्च्युमच्या आत थर्मल मावलं पाहिजे, हे धरूनच चाला. टेक्सास किंवा दक्षिण कॅलिफोर्नियावाल्यांचं दुखणं उलटं: तिथे अंगभर फरचा अस्वल घातला की पोर घामानं निथळतं.

माप: वय बघू नका, उंची बघा

पाकिटावर २टी, ३टी, ४टी लिहिलेलं असतं. टी म्हणजे टॉडलर. त्यापुढे स्मॉल, मीडियम, लार्ज सुरू होतं आणि तिथे प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित. मागच्या बाजूला उंचीचा तक्ता असतो, तो वाचा. कॉस्च्युम रोजच्या कपड्यांपेक्षा बेतानंच शिवलेले असतात, आणि आत स्वेटर घालायचा असतो. म्हणून एक माप मोठं घ्यायचं आणि खालून दुमडून चार टाके घालायचे. लांबी घोट्याच्या वर राहिली पाहिजे. परीच्या झग्यात पाय अडकून पडलेली मुलं मी दरवर्षी बघते.

वर्षाच्या आतलं बाळ

या वयाचा कॉस्च्युम आईबापांसाठी असतो, हे मोकळेपणानं मान्य करायचं. बाळाला काही देणं-घेणं नाही. मऊ, पुढून उघडणारं, खाली बटणं असलेलं एखादं भोपळ्याचं किंवा भुंग्याचं झबलं पुरतं. डायपर बदलायला सगळा अवतार उतरवावा लागला तर तो अर्ध्या तासात तसाही उतरणारच आहे. चेहऱ्यावर काही नको, गळ्याशी नाडी नको, तोंडात जाईल असं टिकली-मणी-पंख काही नको. आणि हे नवीन आलेल्यांना ठाऊक नसतं: जाड, फुगीर कॉस्च्युम घालून बाळाला कारसीटमध्ये बांधायचं नाही. पट्टा कापसावर घट्ट बसतो, बाळावर नाही. हिवाळी जाकिटाचा जो नियम तोच इथे. आधी साध्या कपड्यांत बांधा, पोचल्यावर कॉस्च्युम चढवा. आणि झोपवताना तो काढून ठेवा.

एक ते तीन: घाबरण्याचं वय

दीड-दोन वर्षांच्या मुलाला बाबांनी मुखवटा घातला की बाबा गेले आणि राक्षस आला, असंच वाटतं. मुखवटा काढून दाखवला तरी हुंदके थांबत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या कॉस्च्युमइतकीच शेजारपाजारच्यांच्या कॉस्च्युमची तयारी करावी लागते. उजेड असतानाच, साडेपाचच्या सुमाराला, ओळखीच्या तीन-चार घरी न्या आणि परत या. ज्या अंगणात धूर, कबरी आणि हलणारा सांगाडा आहे तिथे रस्ता ओलांडून पलीकडून जा.

या वयात कॉस्च्युम म्हणजे टोपीवाला अंगरखा. प्राणी सगळ्यात बरे: वाघ, बदक, ससा. टोपी टोचली की मूल ती ओढून काढणार, म्हणून टोपीशिवायही वाघ वाघ दिसतो का ते बघा. शेपटी आणि पट्टे असतील तर काम भागतं. डायपर नुकतं सुटलेलं असेल तर मागे चेन असलेला एकसंध सूट अजिबात घेऊ नका. माझ्या धाकट्यानं अडीच वर्षांचा असताना डायनोसॉर होऊन, दुसऱ्यांच्या पोर्चवर उभं राहून "आई, आली" असं जाहीर केलं. चेन मानेपासून कमरेपर्यंत होती. बाकीचं सांगत नाही.

स्ट्रोलर सजवणं ही या वयाची उत्तम युक्ती. खोक्याची आगगाडी करून स्ट्रोलरला बांधा, मूल साध्या उबदार कपड्यांत आत बसेल आणि इंजिन ड्रायव्हर म्हणवलं जाईल.

तीन ते पाच

इथून मुलाची मतं सुरू होतात, आणि ती रोज बदलतात. सोमवारी फायरफायटर, बुधवारी युनिकॉर्न, शुक्रवारी 'मी आजी होणार'. "काय व्हायचंय तुला?" असं मोकळं विचारू नका. दोन पर्याय समोर ठेवा, दोन्ही तुम्हाला परवडणारे. ठरलं की दोन दिवस थांबा, मगच घ्या.

या वयाला खरं आणि खोटं यांच्यातली भिंत पातळ असते. स्पायडरमॅन झालेल्या पोराला आपण भिंतीवर चढू शकतो असं खरंच वाटू शकतं. गॅलरीचं दार लावून ठेवा, ही गंमत म्हणून सांगत नाही. सुपरहिरोच्या कपड्यात पाठीला केप असते, ती गळ्याशी गाठ मारून बांधायची नसावी. वेल्क्रोनं चिकटवलेली हवी, म्हणजे झोपाळ्यात किंवा दारात अडकली तर ओढ बसताच सुटते. नाडी असेल तर काढून टाका आणि वेल्क्रोचे दोन तुकडे शिवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पायात रोजचे बूट. सिंड्रेलाच्या प्लॅस्टिकच्या चपला पाकिटात येतात त्या घरात खेळायला ठेवा. लांब झग्याखाली गुलाबी स्नीकर्स कुणालाही खटकत नाहीत, इथल्या आयांनी ते कधीच स्वीकारलंय.

सहा ते आठ

हे सोन्याचं वय. मूल चालतं, दमत नाही, भीतीही थोडी आवडायला लागलेली असते आणि अजून तुमचं ऐकतं. घरी बनवण्याची मजा इथेच. ऑनलाइन खरेदीची खोकी आपल्याकडे ढिगानं साठतात, त्यातून रोबो, वॉशिंग मशीन, लेगोची वीट काहीही होतं. फक्त खोक्यात बसता येत नाही, गाडीचा पट्टा लागत नाही आणि हात पुढे आणून चॉकलेट घेता येत नाही, म्हणून काखेशी मोठी भोकं पाडा आणि खोकं मांडीच्या वरच संपवा.

हातातली आयुधं मऊ आणि आखूड असावीत. जादूगाराची काठी, चाच्याची तलवार, सगळं फोमचं. अर्ध्या तासानं ती तुमच्याच हातात येणार आहे, तेव्हा वजनाला हलकं घ्या. खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक या देशात मुलाच्या हातात देऊन अंधारात पाठवायची नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

इथेच एकदा मी परत नऊवारी सुचवली. मुलगी सात वर्षांची झाली होती. म्हणाली, "आई, दॅट्स जस्ट माय गणपती ड्रेस." बरोबरच होतं तिचं. जे आपण सणाला नेसतो ते तिच्या लेखी कपडे आहेत, वेश नाही. तोच न्याय दुसऱ्यांनाही लावायचा. इथल्या मूळ रहिवाशांचा पिसांचा मुकुट त्यांच्याकडे मानाचा असतो, तो दुकानात मिळाला तरी घेऊ नका. आणि कुणा आवडत्या खेळाडूसारखं दिसण्यासाठी मुलाची कातडी काळी रंगवणं इथे फार दुखऱ्या इतिहासावर बोट ठेवतं. जर्सी आणि बॉल पुरतो. शिवाजी महाराजांचं विचाराल तर माझं मत असं: मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जिरेटोप घालून पोवाडा म्हणणारा मुलगा बघून ऊर भरून येतो, पण महाराजांना दारोदार चॉकलेट मागायला नेणं मला जमत नाही. काहींना यात गैर वाटत नाही, त्यांचं त्यांनी ठरवावं.

नऊ ते बारा: रक्त हवं, आई नको

या वयात मुलगा खाटीक, झॉम्बी, डोक्यात कुऱ्हाड रुतलेला माणूस व्हायला निघतो. सगळ्याला नाही म्हणालात तर तो मित्राच्या घरी जाऊन तेच घालेल. मी एक अट घातली होती: गल्लीत चार वर्षांची पोरंही फिरतात, त्यांच्यासमोर झाकता येईल एवढंच भयंकर चालेल. मुलानं पांढऱ्या कोटावर बीटचा रस आणि कॉर्न सिरप शिंपडून वेडा शास्त्रज्ञ केला, आणि लहान मूल आलं की कोटाची बटणं लावली. शाळेत तोच कोट उलटा घालून नुसता शास्त्रज्ञ.

मुलींच्या कॉस्च्युमची वेगळी कटकट. आठ-दहाच्या मापापर्यंत नर्स ही नर्स असते, पोलीस ही पोलीस असते. 'ट्वीन' (म्हणजे लहान मूल आणि टीनएजर यांच्या मधलं वय) लिहिलेल्या मापाला पोचलं की तीच पोलीस अचानक आखूड झगा आणि जाळीच्या मोज्यांत उभी. लेकीशी दुकानात उभ्या-उभ्या भांडण करू नका, सोबत आणखी मुली असतात आणि त्यात तिचा पाणउतारा होतो. मुलग्यांच्या विभागातून पोलिसाचा शर्ट आणि पँट उचला. आमच्याकडे तिलाच ते आवडलं, कारण त्याला खरे खिसे होते.

साधारण बाराच्या आतल्या मुलांबरोबर कुणीतरी मोठं असावं, असं इथले बालरोगतज्ज्ञही सांगतात. पुढे मुलं गटानं जातात, आणि कॉस्च्युमही गटाचे असतात. पाच मैत्रिणी पाच रंगांचे क्रेयॉन झाल्या की तुमच्या घरात निळा टी-शर्ट आणि कागदी टोपी एवढाच खर्च. चौदा-पंधराच्या मुलानं जावं का? गोड बोलणारं कुणीही दारात आलं तरी मी चॉकलेट देते. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात मात्र बारावर्षांवरच्यांना बंदी करणारा जुना नियम होता, तुरुंगाच्या तरतुदीसकट. २०१९ साली त्यांनी वय चौदावर नेलं आणि तुरुंग काढून टाकला. त्यामुळे आपल्या गावाचा नियम एकदा बघून ठेवा.

चेहरा, डोळे, ज्योत

मुखवट्यापेक्षा रंग बरा. मुखवट्याच्या भोकांतून कडेचं दिसत नाही, आत वाफ धरते, आणि चष्मा असलेल्या मुलाचे तर हालच. पण रंग ३१ तारखेला पहिल्यांदा लावायचा नाही. दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ठेवा, खाज किंवा लाली आली तर तो रंग बाद. 'डोळ्यांजवळ लावू नये' असं लिहिलंय का तेही पाहा. रात्री खोबरेल तेलानं पुसून मग साबण. आपली ही जुनीच पद्धत आणि इथल्या वाइप्सपेक्षा चेहऱ्याला सोसवणारी.

मांजरीच्या डोळ्यांच्या रंगीत लेन्स कुणी दुकानात सहज देत असेल तर तिथून निघा. अमेरिकेत शोभेच्या लेन्सनासुद्धा डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, त्याशिवाय विकणं बेकायदेशीर आहे. चुकीच्या मापाच्या लेन्सनं बुबुळाला जखम होते.

दारोदार कोरलेले भोपळे असतात आणि काहींत अजून खरी मेणबत्ती लावतात, नेमकी मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर. लेबलवर 'फ्लेम रेझिस्टंट' शोधा. याचा अर्थ पेटणारच नाही असा नव्हे. चटकन पेट घेत नाही आणि ज्योतीपासून दूर केलं की लवकर विझतं, इतकंच. लोंबत्या बाह्या आणि फुगीर जाळीचे झगे टाळा. हे आपल्याला जास्त लागू आहे, कारण दिवाळीही याच सुमाराला येते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती: सकाळी उटणं, संध्याकाळी चेटकीण. आमच्या पायरीवर पणत्या होत्या आणि पहिली केप आली तेव्हा मी धावत जाऊन त्या कठड्यावर ठेवल्या. आता त्या दिवशी पायरीवर बॅटरीच्याच पणत्या.

अंधारात दिसणं

सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि नेमके तेव्हाच लोक कामावरून गाड्या घेऊन परततात. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या वर्षांच्या अपघातांचा अभ्यास झाला होता. हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. म्हणून बॅटमॅन, निंजा, चेटकीण यांच्या काळ्या कपड्यांवर पाठीला आणि बाह्यांना चमकणारी चिकटपट्टी लावा. सायकलच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पोरं कुरकुरतात. 'ही तुझी पॉवर लाइन' असं म्हटलं की लावून घेतात. बादलीवरही एक पट्टी. गळ्यात ग्लो-स्टिक शोभते, पण लहान मुलं ती चावतात आणि आतलं पाणी तोंडात-डोळ्यात जातं, म्हणून चारच्या आतल्यांना छोटा टॉर्च द्या.

रंगीत तालीम

३१ च्या आधीच्या शनिवारी पूर्ण वेश चढवा: आतले थर्मल, बूट, टोपी, बादली सगळं. मग मुलाला घराच्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करायला लावा, गाडीत बसवून पट्टा लावा, आणि बाथरूमला एकट्यानं जाऊन येता येतं का ते बघा. आमचा अंतराळवीर या तालमीत अडकला. हेल्मेट काचेसारखं सुंदर, पण तिसऱ्या पायरीवरच श्वासानं आतून धूसर झालं आणि पोरगा भिंतीला हात लावून उभा. बाबांनी पुढची काच काढूनच टाकली. हेल्मेटची नुसती चौकट राहिली, त्यातून तोंड बाहेर. कुणालाही फरक कळला नाही, आणि चॉकलेट थेट तोंडात घालायची सोय झाली.

मुलाला कपड्याचा स्पर्शच सहन होत नसेल, शिवण टोचत असेल, तर रोजच्या आवडत्या हूडीवर फेल्टचे कान शिवा. कुणाला नट्सची अॅलर्जी असेल तर बादली निळसर-हिरव्या रंगाची घ्या, आणि दारात त्याच रंगाचा भोपळा असलेली घरं शोधा. तिथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल असं काही मिळतं. ही रीत २०१४ पासून देशभर पसरली आहे.

घ्यायचं कुठून

नवीन दुकानात पंचवीस-तीस डॉलर सहज जातात, एका रात्रीसाठी. सप्टेंबरात रिकाम्या गाळ्यांत हंगामी हॅलोवीन दुकानं उघडतात, तिथे एकदा मुलांना बघायला न्या, खरेदीला नको. गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मागच्या वर्षीचे कॉस्च्युम नव्यासारखे मिळतात, कारण ते एकदाच घातलेले असतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १ ऑक्टोबरला एक ओळ टाका: 'चार वर्षांच्या मुलाला होईल असं काही आहे का?' संध्याकाळपर्यंत दोन वाघ आणि एक पोलीस येतो. परत देताना धुऊन द्या.

१ नोव्हेंबरला सगळं अर्ध्या किमतीत निघतं आणि पुढच्या वर्षीचं आताच घेऊन ठेवावं असा मोह होतो. मीही घेतला होता, एक माप मोठा, हिरवा ड्रॅगन, पंखांसकट. पुढच्या सप्टेंबरात चिरंजीव म्हणाले, ड्रॅगन बेबीजसाठी असतात. तो अजून अटिकमध्ये आहे, लेबल न फाडलेला. सहा वर्षांच्या मुलाला होईल. कुणाला हवा असेल तर सांगा.